सिरमच्या बाटलीतले विषाणू

जून २०२१. करोनाची दुसरी लाट ओसरत होती आणि लसीकरण केंद्रांबाहेरच्या रांगा वाढत होत्या. त्याच सुमारास समाजमाध्यमांवर एक मजकूर फिरू लागला : कोव्हॅक्सिनमध्ये नवजात वासराचे सिरम असते. माहिती अधिकारात मिळालेल्या एका उत्तराचा त्याला आधार होता. १६ जूनला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने खुलासा केला. वासराचे सिरम व्हेरो नावाच्या पेशी वाढवण्यापुरतेच वापरतात. पेशी पुरेशा वाढल्या की त्या अनेकदा धुतात, मग त्यांच्यात करोनाचा विषाणू वाढवतात, तो मारतात, शुद्ध करतात. तयार लसीत सिरम उरत नाही. पोलिओ आणि रेबीजच्या लसीही कित्येक दशके याच रीतीने बनत आल्या आहेत.

खुलासा बरोबर होता आणि चर्चा तिथेच थांबली. पण त्या गदारोळात सिरमविषयीचा खरा महत्त्वाचा प्रश्न कुणी विचारलाच नाही. वासराचे रक्त लसीत येते का, हा श्रद्धेचा प्रश्न होता आणि त्याचे उत्तर मिळाले. वासराच्या रक्ताबरोबर प्रयोगशाळेत आणखी कोण येते, हा विज्ञानाचा प्रश्न आहे. पेशींवर काम करणाऱ्यांनी त्याची धास्ती गेली पन्नासहून अधिक वर्षे बाळगली आहे. कोव्हॅक्सिनसाठी विषाणू पुरवणारी पुण्याची राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था, म्हणजे एनआयव्ही, या प्रश्नाशी फार जुन्या काळापासून जोडलेली आहे. ती गोष्ट पुढे येईलच.

आधी सिरम लागतेच कशाला, ते पाहू. शरीराबाहेर काढलेली पेशी काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या फ्लास्कमध्ये जगवायची तर तिला क्षार, साखर, अमिनो आम्ले आणि जीवनसत्त्वे हवीत. यांचे नेमके मिश्रण अमेरिकेत हॅरी ईगल यांनी १९५०च्या दशकात बसवले. प्रयोगशाळांतला तो गुलाबी ‘मीडिया’ आजही बऱ्याच अंशी त्यांच्याच वळणाचा असतो. पण एवढ्यावर बहुतेक पेशी फार तर तग धरतात, विभागत नाहीत. विभागण्यासाठी वाढीचे घटक लागतात, संप्रेरके लागतात, लोह वाहून नेणारी प्रथिने लागतात आणि फ्लास्कच्या तळाला चिकटून राहायला मदत करणारी प्रथिनेही लागतात. हे सगळे रक्त गोठल्यावर वर सुटणाऱ्या पिवळसर द्रवात, म्हणजे सिरममध्ये, तयार मिळते. मीडियात साधारण दहा टक्के सिरम घातले की पेशी वाढू लागतात.

कोणाचे सिरम घ्यायचे यावर बरेच प्रयोग झाले : घोड्याचे, कोंबडीचे, माणसाचे. १९५१ मध्ये बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांनी हेला पेशी वाढवल्या, तेव्हा त्यांच्या मिश्रणात माणसाच्या नाळेतल्या रक्ताचे सिरम होते. डेन्व्हरच्या थिओडोर पक यांनी १९५८ मध्ये माणसाच्या आणि प्राण्यांच्या पेशी दीर्घकाळ वाढवून दाखवल्या, त्यासाठी त्यांनी गायीच्या गर्भाचे सिरम वापरले. तेव्हापासून तेच प्रमाण ठरले.

गर्भाचेच का, याचे अर्धे उत्तर गोठा सांभाळणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. वासरू जन्मले की पहिल्या काही तासांत त्याला चीक पाजायलाच हवा, नाही तर ते रोगांना बळी पडते. माणसात आईच्या रक्तातली प्रतिपिंडे वारेतून बाळापर्यंत पोचतात. गायीची वार ती पोचू देत नाही, म्हणून वासरू जवळजवळ रिकाम्या हाताने जन्मते आणि त्याची पहिली शिदोरी चिकातून मिळते. जन्मापूर्वीच्या सिरममध्ये त्यामुळे प्रतिपिंडे नगण्य असतात. पेशींना त्यांचा त्रास होत नाही, प्रयोगात लुडबुड होत नाही. उलट वाढीचे घटक भरपूर असतात, कारण गर्भाचे शरीर झपाट्याने घडत असते. ज्या गुणामुळे हे सिरम निवडले गेले, त्यातच त्याचा दोष दडलेला आहे. विषाणूला अडवणारी प्रतिपिंडे नसलेला द्रव पेशींना मानवतो आणि विषाणूंनाही मानवतो.

हे सिरम मिळते कत्तलखान्यातून. कापलेली गाय गाभण निघाली तर गर्भ बाजूला काढतात, त्याच्या हृदयात सुई घालून रक्त ओढतात, ते गोठू देतात आणि सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून सिरम वेगळे करतात. तीन महिन्यांच्या गर्भातून सुमारे १५० मिलिलिटर कच्चे सिरम मिळते, सहा महिन्यांच्या गर्भातून सुमारे ३५०. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार जगात वर्षाला सुमारे पाच लाख लिटर असे सिरम तयार होत होते आणि त्यासाठी दहा लाखांहून अधिक गर्भ लागत होते. या पद्धतीतल्या क्रौर्यावर युरोपात दीर्घकाळ वाद चालला आहे. तो वाद योग्यच आहे आणि पर्याय शोधण्याच्या धडपडीला त्यातूनही बळ मिळाले आहे.

दूषितीकरणाच्या दृष्टीने यातली कळीची पायरी म्हणजे एकत्र करणे. बाजारात येणारा एक लॉट शेकडो ते हजारो गर्भांच्या रक्तातून बनतो. गावच्या डेअरीत घरोघरचे दूध एकाच टाकीत ओतले जाते आणि एका गोठ्यातले नासके दूध सगळी टाकी बिघडवते, तसेच इथे होते. हजार गर्भांतला एक संसर्गित असला तरी पूर्ण लॉटमध्ये विषाणू पसरतो.

महाराष्ट्रातल्या, किंबहुना भारतातल्या प्रयोगशाळा हे सिरम मुख्यतः बाहेरून आणतात. राज्यात १९७६च्या प्राणी रक्षण अधिनियमाने गायीच्या कत्तलीवर बंदी आली आणि २०१५च्या दुरुस्तीने बैल आणि वळूही तिच्या कक्षेत आले. त्यामुळे पुण्या-मुंबईच्या शीतकपाटांतल्या बाटल्यांवर ऑस्ट्रेलिया, अमेरिका, दक्षिण अमेरिका अशी नावे दिसतात. कोणत्या देशातले सिरम आहे यावर त्याची किंमतही ठरते आणि त्यातला संभाव्य विषाणूही.

या विषाणूंतला सर्वांत त्रासदायक म्हणजे बोव्हाइन व्हायरल डायरिया व्हायरस, संक्षेपाने बीव्हीडीव्ही. न्यूयॉर्क राज्यातल्या गुरांमध्ये १९४६ मध्ये या रोगाची पहिली नोंद झाली. हिपॅटायटिस सीचा विषाणू ज्या कुळातला, त्याच कुळातला हा. माणसाला त्याच्यापासून रोग होतो असे दिसलेले नाही. मात्र गुरांमध्ये तो जी युक्ती खेळतो ती विलक्षण आहे. गाय गाभण असताना, साधारण ४० ते १२० दिवसांच्या काळात तिला संसर्ग झाला तर विषाणू वार ओलांडून गर्भात शिरतो. त्या वेळी गर्भाची रोगप्रतिकारक यंत्रणा घडत असते, आपले कोण आणि परके कोण हे ती शिकत असते. विषाणू हजर असतानाच हे शिक्षण चालते, म्हणून ती त्याला आपलाच समजते. असे वासरू जगले तर जन्मभर विषाणू बाळगते, नाकातोंडातून, शेणमुतातून सतत बाहेर टाकते आणि त्याच्याविरुद्ध प्रतिपिंड बनवत नाही. वरून पाहता ते धडधाकट दिसू शकते. सिरमसाठी रक्त काढले जाते ते अशा वासराच्याही गर्भावस्थेत, आणि तेव्हा ते विषाणूने भरलेले असते.

फ्लास्कमध्येही हीच शांतता राहते. बीव्हीडीव्हीचे दोन प्रकार आहेत. एक पेशी मारतो, त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली लगेच पकडला जातो. दुसरा पेशींना काहीच करत नाही. पेशी वाढतात, विभागतात, गोठवून ठेवल्या जातात, दुसऱ्या प्रयोगशाळेला पाठवल्या जातात आणि विषाणू त्यांच्याबरोबर फिरतो. सिरममध्ये सापडतो तो बहुधा हा दुसरा प्रकार. दिसत नाही म्हणून तो निरुपद्रवी ठरत नाही. तो पेशींची इंटरफेरॉन हे विषाणूविरोधी प्रथिन बनवण्याची क्षमता दाबतो. अशा पेशींवर एखाद्या औषधाचा किंवा दुसऱ्या विषाणूचा परिणाम मोजणारा संशोधक महिनोन्‌महिने चुकीचे आकडे लिहीत राहतो. अमेरिकेतल्या पेशींच्या सर्वांत मोठ्या भांडाराने १९९०च्या दशकात स्वतःचा साठा तपासून घेतला, तेव्हा अनेक पेशीवंशांत हा विषाणू निघाला. त्यांतले सगळे गायीचे नव्हते. दुसऱ्या प्राण्यांच्या पेशींनीही तो सिरममधून उचलला होता.

मग गाळून घेता येत नाही का? सिरम गाळतातच, चांगले उत्पादक ०.१ मायक्रॉनच्या गाळणीतून ओळीने तीनदा गाळतात. जिवाणू अडकतात, मायकोप्लाझ्मा बराचसा अडकतो. पण ०.१ मायक्रॉन म्हणजे १०० नॅनोमीटर आणि बीव्हीडीव्हीचा व्यास ४० ते ६० नॅनोमीटर. तो पार निघून जातो. याहून बारीक गाळणी लावली तर सिरमसारखा दाट प्रथिनयुक्त द्रव तिच्यातून जाता जात नाही. प्रयोगशाळांत सिरम ५६ अंश सेल्सिअसला अर्धा तास तापवायची जुनी पद्धत आहे. तिने रक्तातली ‘कॉम्प्लिमेंट’ नावाची प्रथिने निकामी होतात, विषाणूंच्या बाबतीत तिच्यावर विसंबता येत नाही.

पेशींच्या पोटात विषाणू बिनबोभाट राहू शकतो, हे ज्या काही ठिकाणी फार लवकर उमगले त्यांत पुणे आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि रॉकफेलर फाउंडेशन यांनी १९५२ मध्ये पुण्यात व्हायरस रिसर्च सेंटर सुरू केले. तीच आजची एनआयव्ही. डासांमार्फत पसरणारे विषाणू हा तिचा मूळ विषय. तिथे के. आर. पी. सिंग यांनी १९६७ मध्ये एडिस अल्बोपिक्टस आणि एडिस इजिप्ती या डासांच्या अळ्यांपासून पेशीवंश तयार केले. अळ्या निर्जंतुक करून त्यांचे तुकडे करायचे, कीटकांच्या पेशींसाठी बनवलेल्या मीडियात ते ठेवायचे आणि वाट पाहायची. या मीडियात गर्भाचे सिरम होते आणि ते नेहमीच्या दुप्पट, २० टक्के. तो शोध ‘करंट सायन्स’मध्ये अवघ्या काही पानांत छापून आला आणि त्याने जगभरच्या डास-विषाणू संशोधनाची दिशा बदलली. जपानच्या इगाराशी यांनी १९७८ मध्ये सिंग यांच्या अल्बोपिक्टस पेशींतून सी६/३६ हा उपवंश निवडला. डेंगीचा विषाणू रुग्णाच्या रक्तातून वेगळा करायचा तर आजही जगातल्या असंख्य प्रयोगशाळा सी६/३६च वापरतात. त्या पेशींचे मूळ पुण्यातल्या अळ्यांत आहे, ही गोष्ट महाराष्ट्रात जितकी ठाऊक असायला हवी तितकी नाही.

सिंग आणि कल्याण बॅनर्जी यांनी १९६८ मध्ये दाखवले, की या पेशींना काही विषाणूंचा संसर्ग झाला तरी त्या मरत नाहीत. त्या वाहक बनतात. पिढ्यान्‌पिढ्या विभागत राहतात आणि विषाणूही सोबत वाढत राहतो. हा निसर्गाचाच आरसा होता. डास डेंगीने आजारी पडत नाही, तो वाहतो. पण पेशी वापरणाऱ्यांसाठी त्यात एक इशाराही होता.

तो इशारा खरा ठरायला सात वर्षे लागली. न्यू जर्सीत व्हिक्टर स्टोलर आणि व्हर्जिनिया थॉमस डासांच्या पेशींवर काम करत होते. इस्रायलमध्ये पेलेग यांनी तयार केलेला इजिप्ती डासाचा वेगळा पेशीवंश त्यांच्याकडे होता आणि सिंग यांच्या अल्बोपिक्टस पेशीही होत्या. पेलेग यांच्या पेशी अगदी निरोगी दिसत. पण त्यांचा द्रव पुण्याच्या पेशींवर टाकला की पुण्याच्या पेशी एकमेकींत वितळून मोठे गोळे बनत. इजिप्ती पेशींत एक अनोळखी विषाणू लपला होता आणि तो उघडा पाडला तो सिंग यांच्या पेशींनी. त्याला ‘सेल फ्यूजिंग एजंट’ म्हटले गेले. डेंगीच्या कुळातला, पण फक्त कीटकांत राहणारा तो विषाणू पुढे निसर्गातल्या डासांतही सापडला. त्याच वर्षी, १९७५ मध्ये, आणखी एक नोंद प्रसिद्ध झाली : परदेशातल्या एका प्रयोगशाळेत अल्बोपिक्टस पेशींच्या एका साठ्यात चिकनगुनियाचा विषाणू निघाला. डासांच्या या प्रकरणांचा दोष सिरमवर नव्हता. पेशींच्या मूळ प्राण्यातून किंवा शेजारच्या प्रयोगातून विषाणू आला. पण धडा तोच होता. निरोगी दिसणाऱ्या पेशी निर्मळ असतीलच असे नाही आणि लपलेला विषाणू शोधायला त्याला बळी पडणाऱ्या दुसऱ्या पेशी लागतात. सिरम तपासण्याची आजची पद्धत नेमकी याच तत्त्वावर उभी आहे.

दूषित सिरमची सर्वांत मोठी किंमत माणसांनी मोजली ती मात्र गायीच्या सिरममुळे नव्हती. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांना पीतज्वराची लस दिली गेली. रॉकफेलर फाउंडेशनने बनवलेल्या त्या लसीत विषाणू टिकून राहावा म्हणून माणसाचे सिरम मिसळले होते. रक्तदात्यांपैकी काहींच्या रक्तात हिपॅटायटिस बी होता. त्या विषाणूचे तेव्हा नावही कुणाला ठाऊक नव्हते. १९४२ मध्ये सुमारे पन्नास हजार सैनिक काविळीने आजारी पडले. कित्येक वर्षांनी त्यांच्या रक्ताच्या तपासणीवरून काढलेला अंदाज सांगतो, की संसर्ग तीन लाखांहून अधिक जणांना झाला होता. त्यानंतर ती लस सिरमविना बनू लागली. तपासणी कितीही कडक असती तरी जे माहीतच नाही ते शोधणार कसे? सिरमच्या इतिहासात हा प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो.

गायीच्या सिरमने दिलेला फटका आधी गायींनाच बसला. नेदरलँड्समध्ये गुरांच्या एका नागीणवर्गीय रोगाविरुद्ध लसीकरण सक्तीचे केले होते. १९९९च्या सुरुवातीला लसीच्या काही बॅचमध्ये बीव्हीडीव्हीचा जनुकीय प्रकार २ निघाला आणि लस दिलेल्या गोठ्यांत जनावरे गंभीर आजारी पडली. मोहीम थांबवावी लागली. रोग संपवायला निघालेल्या लसीनेच रोग आणला, म्हटल्यावर पशुपालकांचा विश्वास किती काळ डळमळला असेल याची कल्पना करता येते.

माणसांच्या औषधांत २००९चे प्रकरण सर्वांत बोलके आहे. बोस्टनमधल्या जेन्झाइम कंपनीच्या कारखान्यात हॅम्स्टरच्या अंडाशयाच्या पेशींपासून दोन औषधे बनत : गौशे रोगावरचे सेरेझाइम आणि फॅब्री रोगावरचे फॅब्राझाइम. दोन्ही रोग दुर्मीळ, आनुवंशिक, आणि औषध आयुष्यभर घ्यावे लागणारे. पेशी नीट वाढेनात म्हणून शोध घेतला तेव्हा ‘व्हेसिव्हायरस २११७’ सापडला. तो माणसाला अपाय करतो असे दिसले नव्हते, पण पेशींची वाढ खुंटवत होता. जून २००९ मध्ये उत्पादन थांबवून पूर्ण कारखाना निर्जंतुक करावा लागला. संशयाची सुई पेशींच्या खाद्याकडे, प्रामुख्याने प्राणिज सिरमकडे वळली. रुग्णांना पुढे बराच काळ कमी मात्रेवर राहावे लागले. भारतातही काही गौशे रुग्णांना हेच औषध कंपनीच्या मदत कार्यक्रमातून मिळत होते. एका टाकीतल्या विषाणूचा परिणाम असा हजारो मैलांवरच्या घरांपर्यंत पोचू शकतो.

सिरम हा एकमेव दरवाजा नाही, हेही सांगायला हवे. मार्च २०१० मध्ये बालकांना दिल्या जाणाऱ्या रोटारिक्स लसीत डुकरांचा सर्कोव्हायरस आढळला आणि अमेरिकेने तिचा वापर तात्पुरता थांबवला. फ्लास्कच्या तळापासून पेशी सोडवायला वापरतात ते ट्रिप्सिन डुकराच्या स्वादुपिंडातून काढलेले असे, त्यातून तो आला असावा असे मानले गेले. बालकांना धोका नसल्याचे दिसल्यावर मे महिन्यात वापर पुन्हा सुरू झाला.

गाळणी पुरत नाही तेव्हा उपाय म्हणून किरणोत्सर्ग वापरतात. कोबाल्ट-६० मधून निघणारे गॅमा किरण सिरममधून पार जातात आणि विषाणूच्या जनुकीय धाग्याचे तुकडे पाडतात. नाशिक जिल्ह्याला हे तंत्र परके नाही. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ मध्ये ‘कृषक’ प्रकल्प उभारला. तिथे कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून त्याला साधारण ६० ते ९० ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचे एकक) इतकी मात्रा देतात. अमेरिकेला जाणाऱ्या आंब्यातली कीड निकामी करायला किमान ४०० ग्रे लागतात. तुर्भ्याच्या आयसोमेड केंद्रात १९७४ पासून शस्त्रक्रियेचे साहित्य निर्जंतुक होते, तिथली प्रमाण मात्रा २५ हजार ग्रे. सिरमला साधारण २५ ते ४० हजार ग्रे द्यावे लागतात, म्हणजे कांद्याच्या सुमारे चारशे पट.

एवढ्या माऱ्यात वाढीचे घटक कसे वाचतात, याचे उत्तर थंडीत आहे. किरण पाण्यावर आदळले की आक्रमक रेणू तयार होतात आणि द्रवात हिंडून प्रथिनांची नासाडी करतात. म्हणून सिरम कोरड्या बर्फात गोठवून ठेवूनच किरण देतात. गोठलेल्या बाटलीत ते रेणू हिंडू शकत नाहीत. किरणांचा थेट आघात मात्र चुकत नाही आणि ज्याचा जनुकीय धागा लांब, त्यावर तो बसण्याची शक्यता जास्त. बीव्हीडीव्ही या माऱ्याने बहुतांशी संपतो. पार्व्होव्हायरस, सर्कोव्हायरस यांसारखे अगदी चिमुकले विषाणू पुष्कळदा निसटतात, कारण नेम धरण्याजोगे त्यांच्यात फारसे काही नसतेच. म्हणजे किरणे दिलेले सिरमही पूर्ण निर्विषाणू म्हणता येत नाही.

म्हणून मूळ देशाला इतके महत्त्व आहे. ब्रिटनमध्ये १९८६ मध्ये मॅड काउ रोग ओळखला गेला आणि १९९६ मध्ये त्याचा माणसांतल्या रोगाशी संबंध स्पष्ट झाला. तो पसरवणाऱ्या विकृत प्रथिनावर, म्हणजे प्रिऑनवर, गाळणीही चालत नाही आणि किरणेही. तेव्हापासून ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या सिरमचा भाव चढाच राहिला. चढा भाव आला की भेसळही येते. २०१३ मध्ये उघड झाले, की जीई हेल्थकेअरने तोवर विकत घेतलेल्या ऑस्ट्रियातल्या एका कंपनीच्या सिरममध्ये प्रौढ गायीचे अल्ब्युमिन, पाणी आणि वाढ घडवणारे पदार्थ मिसळलेले होते. ते सिरम वापरून ज्यांनी शोधनिबंध लिहिले त्यांच्या निष्कर्षांवर शंका घ्यायला जागा राहिली.

दुसरीकडून नवे विषाणूही पुढे येतात. ब्राझीलमधून आलेल्या सिरममध्ये २००४ मध्ये बीव्हीडीव्हीचा एक नवा भाऊबंद नोंदला गेला, त्याला होबी म्हणतात. आधी वाटले हा दक्षिण अमेरिकेचा प्रश्न. मग भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये भारतीय गुरांमध्येही होबीसारखे विषाणू असल्याचे दाखवले. बीव्हीडीव्हीसाठी बनवलेल्या जुन्या चाचण्यांतून होबी निसटू शकतो.

या सगळ्याचा संबंध नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या गोठ्यांशीही आहे. औष्णिक वीज केंद्राभोवतीच्या सामनगाव, हिंगणवेढे अशा गावांत, देशभर सगळीकडे होते तसेच, गुरांच्या कानात पिवळा बिल्ला मारून लाळ्या-खुरकुताची लस टोचली जाते. सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमाचा तो भाग आहे. ही लस बीएचके-२१ या हॅम्स्टरच्या मूत्रपिंडाच्या पेशींत वाढवतात आणि त्या पेशींना बऱ्याच कारखान्यांत गायीचेच सिरम लागते. गायीसाठी बनणाऱ्या लसीत गायीचे सिरम वापरणे हे विषाणूच्या दृष्टीने सर्वांत जवळचे घर. नेदरलँड्समध्ये नेमके तेच घडले. आपल्याकडच्या लसीच्या बाजूने एक मोठी गोष्ट आहे : तिच्यातला विषाणू रसायनाने मारलेला असतो आणि त्या रसायनाच्या तडाख्यात सिरममधून आलेले पाहुणेही सहसा सापडतात. नेदरलँड्समधली लस जिवंत विषाणूची होती. पशुवैद्यकाला या फरकाची जाण असली पाहिजे. पशुपालकाने विचारले तर त्याला तो सांगताही आला पाहिजे.

तपासणी प्रत्यक्षात चालते ती अशी. सिरमचा नमुना बीव्हीडीव्हीला सहज बळी पडणाऱ्या गायीच्या पेशींवर टाकतात. तीन आठवडे त्या वाढवतात, मधे मधे नव्या फ्लास्कमध्ये हलवतात. शेवटी विषाणूची प्रथिने चमकवणारी प्रतिपिंडे घालून पाहतात. एखादा लपलेला विषाणू असेल तर पेशी हिरव्या चकाकतात. अमेरिकेचे नियम यात ब्लूटंग, रेबीज, गुरांचे अ‍ॅडिनो आणि पार्व्होव्हायरस, रिओव्हायरस यांचाही शोध मागतात. पीसीआर झटपट उत्तर देतो, पण किरणांनी मेलेल्या विषाणूचे तुकडेही त्याला विषाणूच वाटतात. दुसरी अडचण उलट दिशेने येते. गर्भाला उशिरा, सहाव्या-सातव्या महिन्यात संसर्ग झाला असेल तर तो स्वतः प्रतिपिंडे बनवतो. त्या गर्भाचे सिरम लॉटमध्ये गेले की ती प्रतिपिंडे विषाणूला झाकून टाकतात आणि चाचणी खोटी निर्मळ निघते. म्हणून चांगल्या लॉटच्या प्रमाणपत्रावर विषाणूबरोबर प्रतिपिंडांचाही आकडा दिलेला असतो. महाविद्यालयीन प्रयोगशाळांत हा कागद बाटलीच्या खोक्याबरोबर टाकून दिला जातो. तो जपून ठेवावा आणि वाचावा, मूळ देश कोणता, किरणे दिली का, बीव्हीडीव्ही कोणत्या पद्धतीने तपासला, हे निदान पाहावेच.

पुण्यात याला संस्थात्मक आधारही आहे. १९८६ मध्ये प्राण्यांच्या पेशींसाठी राष्ट्रीय सुविधा म्हणून सुरू झालेले आणि आज विद्यापीठाच्या गणेशखिंड परिसरात असलेले राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र, एनसीसीएस, देशभरच्या संशोधकांना पेशीवंश पुरवते. अशा भांडाराकडून पेशी घेणे आणि मित्राच्या प्रयोगशाळेतून फ्लास्क उचलून आणणे, यांत मोठे अंतर आहे. मित्राच्या फ्लास्कमध्ये त्याने वापरलेल्या प्रत्येक सिरमचा इतिहासही असतो. २८ जून २०२१ रोजी, कोव्हॅक्सिनच्या खुलाशानंतर दोन आठवड्यांतच, एनसीसीएसला करोना लसींच्या बॅच तपासणारी केंद्रीय औषध प्रयोगशाळा म्हणून अधिसूचित केले गेले. तोवर हा भार प्रामुख्याने हिमाचलातल्या कसौलीच्या प्रयोगशाळेवर होता.

सिरमच नको, हा मार्ग औषध उद्योगाने बराच पुढे नेला आहे. हॅम्स्टरच्या पेशींपासून बनणारी प्रतिपिंड औषधे आता बहुतेक ठिकाणी पूर्ण रासायनिक, घटक माहीत असलेल्या मीडियात वाढतात. व्हेरो पेशींसाठीही तसे मीडिया आहेत, मात्र जुन्या परवानाप्राप्त लसीची पद्धत बदलायची म्हणजे पुन्हा चाचण्या, पुन्हा परवानगी, आणि खर्च वेगळाच.

सर्वांत कठीण जागा पेशींनी करायच्या उपचारांची. आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक रुग्णालयाच्या संशोधनातून आलेल्या नेक्सकार-१९ या रक्तकर्करोगावरच्या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. अशा उपचारात रुग्णाच्याच पेशी बाहेर काढून, बदलून, वाढवून परत देतात. लसीतला विषाणू मारता येतो, प्रतिपिंड औषध २० नॅनोमीटरच्या गाळणीतून काढता येते. इथे जिवंत पेशी हेच औषध असते, त्यामुळे तिला मारता येत नाही, तापवता येत नाही, गाळताही येत नाही. म्हणून जी काही काळजी घ्यायची ती सुरुवातीलाच, मीडिया निवडताना घ्यावी लागते. जगभर यासाठी गायीचे सिरम टाळून रासायनिक मीडिया किंवा माणसाच्या रक्तबिंबिकांचा अर्क वापरण्याकडे कल आहे. आणि माणसाच्या रक्ताचा अर्क घेतला की तपासायची यादी बदलते : बीव्हीडीव्ही आणि ब्लूटंग गळतात, त्यांच्या जागी हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, एचआयव्ही आणि पार्व्होव्हायरस बी१९ येतात.